दोघी मिळून एक बाई

विजू,

तू गेल्यापासून घरात येणारं प्रत्येक माणूस मला "सांभाळून" म्हणतं. "मावशी, सांभाळून." "सँभल के, माताजी." काय सांभाळायचं ते मात्र कुणी सांगत नाही. समोर पायरी आहे, स्टूल आहे की कुणाच्या चपला पडल्यात, ते त्यांना दिसतं, आणि त्यांना दिसतं म्हणूनच सांगायचं राहून जातं. तू मला कधी "सांभाळून" म्हणाली नाहीस. तू म्हणायचीस, "उजव्या हाताला वेताचा बसायचा मोढा आहे, त्यावर ओला टॉवेल, आणि टॉवेलचं एक टोक जमिनीला लागलंय." मग सांभाळणं माझं मी करायचे.

परवा तुझं तेरावं झालं. हे मी बोलतेय आणि फोन लिहून घेतोय. तो तुला मधूनच 'बिजू' करतो. अभय म्हणाला, "मावशी, तुम्ही बोला बिनधास्त, मी नंतर ठीक करतो." बंगळूरला राहून राहून तुझ्या मुलाने मराठीचं काय करून ठेवलंय ते तुला माहीत आहेच. पण ते 'ठीक करतो' त्याने अगदी तुझ्या सुरात म्हटलं, म्हणून बोलायला बसले.

आपली ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. उकडीचे मोदक वळायला बायका कमी पडत होत्या, आणि आपल्या दोघींनाही वळता येत नाहीत हे कळल्यावर कुणीतरी आपल्याला कोपऱ्यात नारळ खवायला बसवलं. तू साताऱ्याची, मी अमरावतीची. वसंतरावांच्या रेल्वेतल्या नोकरीमागे तू लखनौला आलीस आणि इथल्या संशोधन संस्थेत वनस्पतींच्या मागे लागलीस. मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला आले आणि लग्नबिग्न न करता इथेच राहिले. खवता खवता तू म्हणालीस, "तुम्ही करवंटीसकट खवताय." हे तुझं माझ्याशी पहिलं वाक्य. पुढची चाळीसेक वर्षं तू मला अशीच दुरुस्त करत आलीस.

जीभ तिखट होती तुझी. तुझ्या हाताखालची मुलं तुला घाबरायची. एखाद्याने पानाचं चित्र काढून आणलं की तू विचारायचीस, "हे तू पाहिलंस, की तुला माहीत होतं?" माहीत असलेलं काढणाऱ्याला तू परत सूक्ष्मदर्शकाशी पाठवायचीस.

आधी माझे डोळे गेले. पडद्याचा मधला भाग झिजला. कडेचं धूसर दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमका तिथेच एक राखाडी डाग येऊन बसतो. माणसाकडे बघितलं की चेहरा जातो, कान उरतात. तू हळहळली नाहीस. "मग कान बघ," म्हणालीस. "कानावरूनही माणूस ओळखता येतो."

दोन-तीन वर्षांनी तुझं सुरू झालं. वसंतराव जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता आणि गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये तू एकटी राहत होतीस. थंडीतल्या एका दुपारी आपण हजरतगंजला बाकावर उन्हात बसलो होतो. तू माझा हात धरलास. तू कुणाचा हात धरणाऱ्यातली नव्हेस, म्हणून मी सावध झाले.

"नले, एक सांगायचंय. मला विसरायला होतंय. चष्मा कुठे ठेवला तसलं नाही. कालचा अख्खा दिवस जातो."

मी तुझा हात दाबला.

"हे मी तुला पहिल्यांदाच सांगतेय ना?"

"नाही गं. मंगळवारी सांगितलंस. त्याच्या आधी फोनवर."

तू इतक्या मोठ्यांदा हसलीस की शेजारच्या बाकावरचं बोलणं थांबलं. हसता हसता रडलीस. मीही रडले. पण तू आधी हसलीस, हे मला सांगून ठेवायचंय.

तपासणीला मी बरोबर होते. डॉक्टरांनी तुला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तुझी पेन्सिल कागदावर फिरताना ऐकू येत होती. थांबली, पुन्हा फिरली, पुन्हा थांबली. मग डॉक्टर मला दाराशी नेऊन हलक्या आवाजात म्हणाले की आकडे सगळे एकाच बाजूला गोळा झालेत आणि काटे घड्याळाच्या बाहेर गेलेत. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तू कागद उलटा करून त्यांच्या टेबलावरच्या कुंडीतलं रोप काढायला घेतलंस. परत येऊन त्यांनी कागद उचलला.

"मैडम, यह आपने अभी बनाया?"

"और कौन बनाएगा?" तू चिडलीस. "आपके पौधे में कीड़ा लगा है। पत्ते के नीचे देखिए।"

त्यांनी पान उलटून पाहिलं. मावा होता. चित्रातही होता, जिथल्या तिथे, तेच म्हणाले. एकाच कागदाच्या एका बाजूला वेळ विस्कटलेली, आणि दुसऱ्या बाजूला पानाची शीर न् शीर बरोबर. बाहेर पडताना मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीच. पण तिच्याहून मोठं काहीतरी वाटत होतं, त्याला काय म्हणावं ते त्या दिवशी कळलं नाही. आता कळतं. मी थक्क झाले होते.

मग अभय तुला न्यायला आला. तो वाईट नाही गं, घाबरला होता. दूध गॅसवर ठेवून तू खाली फिरायला गेलीस, स्वयंपाकघर धुराने काळं झालं, शेजाऱ्यांनी त्याला फोन केला. तो आला त्या दिवशी मी चहाला आले होते.

"आई, तू अकेली नहीं रह सकती. बस. आता डिस्कशन नको."

"एकटी कुठे? नलू येतेय राहायला."

हे मलाही त्याच क्षणी पहिल्यांदा कळत होतं! माझ्या अलीगंजच्या दोन खोल्या, माझं सामान, माझ्या सवयी. एका शब्दाने विचारलं नव्हतंस. अभय माझ्याकडे वळला. "मावशी, प्लीज. तुम्हाला दिसत नाही, हिला आठवत नाही. दोघी मिळून काय करणार तुम्ही?"

"दोघी मिळून एक बाई होते की," तू म्हणालीस. "तेवढी पुरते."

शेवटी मीच म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत बघू या." अभयने उसासा टाकला. "अच्छा. समर तक." तो उन्हाळा गेला, आणि त्यानंतर आणखी चार गेले.

कामं वाटून घ्यावी लागलीच नाहीत. औषधांच्या वेळा, वार, गॅस, कुणाचा फोन आला, वरणात मीठ पडलं की नाही, हे माझ्याकडे. गोळ्यांचे रंग, दुधाच्या पिशवीवरची तारीख, तांदळातले खडे, दाराच्या भिंगातून दिसणारा माणूस, हे तुझ्याकडे. राजरानी सकाळी स्वयंपाकाला यायची आणि दुपारी जाताना दारातून ओरडायची, "मास्टरनी जी, बड़ी अम्मा को खिला दिया है, माँगेंगी तो मत देना!" तू आतून ओरडायचीस, "झूठ! सुबह से भूखी हूँ!"

बाहेर जाताना रस्ता माझा, डोळे तुझे. मेट्रोतून कुठल्या बाजूला उतरायचं, अमीनाबादला रिक्षा कुठे सोडायची, मला पाठ. तू माझा दंड धरून सांगत चालायचीस. भर गर्दीत मध्येच थांबायचीस. "आपण काय घ्यायला आलोय?" "अस्तर." "कशाचं?" "निळ्या ब्लाउजचं." "हां." आणि पुन्हा सुरू. "एक माणूस ओढण्या रंगवतोय. पातेल्यात काठीने ढवळतोय. हात मनगटापर्यंत जांभळे आहेत, पण नखं गुलाबी. आधी गुलाबी रंगवल्या असणार, तो रंग नखांत राहिलाय." मी हसले. रंगाऱ्याची ती सकाळ मला नखांसकट मिळाली होती.

सगळे दिवस असे नव्हते. संध्याकाळ झाली की तू बावरायचीस. पिशवीत दोन साड्या आणि पावडरचा डबा भरून दाराशी बसायचीस, "घरी जायचंय" म्हणून. तू घरातच होतीस. चष्मा सापडला नाही की राजरानीवर आळ घ्यायचीस, आणि ती बिचारी पदर डोळ्यांना लावून, "अम्मा, हम कब से चश्मा पहनने लगे?" म्हणायची. एकदा आंघोळीला नाही म्हणताना तू मला ढकललंस आणि मी मोरीच्या उंबऱ्यावर आपटले. देव मानत नाही मी, तरी त्या दिवसांत त्याच्याशी कडाकडा भांडले. हे गाळलं तर तूच विचारशील, पाहिलंस की माहीत होतं?

मे महिन्यातली ती सकाळ तुला अर्थातच आठवली नसेल, मला आठवते. कॉलनीच्या बागेत आपण फेरी मारत होतो. तू थबकलीस.

"नले, हे झाड... हे गं... नाव. आत्ता तोंडात होतं."

नाव येईना. जिच्या जिभेवर शेकडो झाडांची लॅटिन नावं असायची ती तू, घराजवळच्या झाडाचं नाव शोधत उभी होतीस. मला नुसता पिवळा धूसरपणा दिसत होता. त्या दिवसांत इतकं पिवळं दुसरं काय असणार, मी नाव सांगणारच होते. तेवढ्यात तू बोलायला लागलीस.

"पानं जवळजवळ नाहीतच. लांब दांड्या खाली लोंबतायत, हाताएवढ्या. प्रत्येक दांडीवर वरची फुलं पूर्ण उघडलीत, मधली अर्धी, आणि पार टोकाला हिरवट गोळ्या, त्या उघडायच्यात अजून. पाकळ्या पाच. शिरा दिसतायत, कारण उजेड आरपार येतोय. आतले तीन केसर बाकीच्यांपेक्षा लांब आहेत. आधी खाली जातात, मग वळून वर येतात. आता एक मोठा काळा भुंगा बसला. दांडी झुकली. उडाला. दांडी अजून झुलतेय."

किती वेळ बोललीस कोण जाणे. लखनौच्या इतक्या उन्हाळ्यांत, चांगले डोळे असताना, ते झाड मी पाहिलं होतं. आपण 'बहावा फुलला' म्हणायचं आणि पुढे जायचं. इथली माणसं 'अमलतास' म्हणतात आणि तीही पुढे जातात. नाव येत होतं म्हणून मी कधी थांबलेच नव्हते. त्या सकाळी नाव हरवलेल्या बाईने डोळे गेलेल्या बाईला बहावा दाखवला. मी वर्गात जन्मभर प्रकाश शिकवला, भिंगं, आरसे, किरण कुठे वळतो. बघणं म्हणजे काय ते त्या बागेत कळलं. मी नाव सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस.

तुझं जसजसं जात होतं तसतसं तुझं सांगणं भरत चाललं होतं. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं, आयुष्यभर हाता-डोळ्यांनी घोटलेलं कधी कधी उशिरापर्यंत टिकतं. तसं असेल. मला वाटायचं, तुझ्याकडे काल उरला नव्हता, म्हणून आजचा दिवस तुझ्यापुढे पुरा उघडा असायचा. तीच खिडकी, तोच मोढा, आणि तू रोज पहिल्यांदा बघत होतीस.

एका बाबतीत मात्र आपलं भांडण अर्धवट राहिलं. तुझं डोकं शाबूत होतं तेव्हा तू मला बजावलं होतंस, "मला खोटं सांगायचं नाही. काही झालं तरी." मी हो म्हटलं. मग तू विचारायला लागलीस, "हे आले नाहीत अजून?" अभय फोनवर म्हणायचा, "मावशी, बोल दो ना, टूरवर गेलेत." राजरानी तर बेधडक, "साहब लाइन पर गए हैं, पुल देखने!" तू खुशीत जेवायचीस. मी खरं सांगायचे, आणि दर वेळी वसंतराव तुझ्यासाठी नव्याने जायचे. "मला कुणी कळवलं कसं नाही?" म्हणून तू माझ्यावरच रागवायचीस. मी शब्द पाळत होते की तुला छळत होते? जिला विचारायचं तीच राहिली नव्हती.

एका संध्याकाळी तू विचारलंस आणि मला बोलवेचना. नुसती बसून राहिले. तुझी खुर्ची सरकली. तुझी बोटं माझ्या गालावर आली.

"राहू दे. नको सांगू. तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. ते नाहीत ना आता?"

"नाहीत."

"बरेच दिवस झाले?"

"बरेच."

"आणि तू मला रोज हे सांगतेस?"

मी मान हलवली.

"केवढा त्रास झाला असेल गं तुला."

विजू, सकाळचा चहा घेतला की नाही ते तुला सांगता येत नव्हतं. नवरा गेल्याची बातमी तुझ्या हातात आत्ता पडली होती. आणि तू माझं दुःख बघत बसलीस. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, "लाइनवर गेलेत." आदल्या संध्याकाळी तू मला शब्दातून मोकळं केलंस असं मी मानते. तू म्हणशील, सोयीचं आहे म्हणून मानतेस. असेल. हे आता असंच राहणार.

दुसरं भांडण त्याहून जुनं, गच्चीवर फिरतानाचं. मी म्हणायचे, आठवणी गेल्या की माणूस गेलं, उरतं ते शरीर. "मग तान्हं बाळ कोण असतं?" तू विचारायचीस. मी म्हणायचे, त्याच्यापुढे आयुष्य असतं. "माझ्यापुढे तू आहेस." "हा काही युक्तिवाद नाही, विजू." "नसू दे."

दिवाळीनंतर तुझ्या डोक्यातून माझं नाव गेलं. पाठोपाठ मीही गेले. सकाळी टेबलाशी मी कप चाचपडत होते.

"आपको ठीक से दिखता नहीं है क्या?"

हिंदीत. अदबीने, अनोळखी बाईशी बोलावं तसं. त्या 'आप'ने मी गार पडले. म्हटलं, "नहीं। नहीं दिखता।"

"अरे। घबराइए मत, मैं हूँ न। कप आपके बाएँ हाथ के पास है, ज़रा आगे। उसका कान आपकी तरफ़ है। मलाई जमी है ऊपर, हटा दूँ?"

कपाला कान म्हणालीस, हिंदीत बोलताना. तेवढा एक साताऱ्याचा शब्द धरून मी तो चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज सकाळी तुला नव्याने कळायचं की समोरच्या बाईला दिसत नाही, आणि रोज सकाळी तू नव्याने ठरवायचीस की हिला सांगायला हवं. एकही सकाळ चुकली नाही. मैत्री म्हणावी तर मी तुझी कुणी नव्हते. उपकार फेडतेस म्हणावं तर तुला काही ठाऊक नव्हतं. कुठून येत होतं ते, विजू? तुझ्या आत इतकी पडझड झालेली, तिच्यातून वाट काढत रोज माझ्यापर्यंत कसं पोचत होतं? गच्चीवरचं भांडण मी हरले होते, आणि जिंकलेल्या बाईला ते सांगायची सोय नव्हती.

जानेवारीच्या धुक्यात तुला खोकला झाला, छातीत कफ भरला. अभय आला, दवाखाना झाला, तू गेलीस. ते सगळ्यांना माहीत आहे. काल तो म्हणाला, "मावशी, तुम्ही इथेच राहा. राजरानी आता पूर्णवेळ राहील, मी बोललोय." मी हो म्हटलं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवसाचं मात्र कुणाला माहीत नाही. दुपारी धुकं विरून ऊन आलं होतं. मी तुझ्या पलंगाशी बसले होते. तुझा श्वास वाजत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आज क्या दिख रहा है?"

"आप," तू म्हणालीस.

"मैं? तो बताइए। मैंने तो बरसों से अपने को देखा नहीं।"

तू दम घेत घेत सांगायला लागलीस. "बाल सब सफ़ेद। माँग टेढ़ी निकली है। बाईं भौंह में एक बाल बाक़ियों से लंबा है, ऊपर को मुड़ा हुआ। ठुड्डी पर हल्दी लगी है।" पुसायला मी हनुवटीकडे हात नेला. "रहने दीजिए। अच्छी लग रही है। होंठ बंद हैं, पर दाएँ कोने से हँस रहे हैं। और आँखें..."

तू थांबलीस. मला वाटलं, शब्द हरवला. वाट पाहिली.

"भूल गईं?" मी हळूच विचारलं.

"नहीं। देख रही हूँ।"

राजरानी खाली गेली होती. घरात तुझ्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. तुझा चेहरा असेल त्या जागी मला नेहमीचा डाग दिसत होता, पण तू बघतेयस हे मला कळत होतं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मी खिडकीकडे थोडी वळले, तुला नीट दिसावं म्हणून, आणि हलले नाही.